एकशे दहा

तेमा बंदराच्या मागे माझं दुकान,
पत्र्यावर रंगवलेलं : नी आर्मा, मोटार रिवाइंडिंग.
डिसेंबरच्या तोंडावर जहाजातून निळी पिंपं उतरतात
आणि आठवड्याभरात माणसं येतात
छातीशी धरून काहीतरी जळकं.

आज क्वायेबाई. टॉवेलात गुंडाळलेला मिक्सर,
तिच्या देदेईने न्यूअर्कहून धाडलेला.
"दोनच सेकंद चालला. पण काय चालला!
मिरच्या छताला चिकटल्यात अजून."

मी तळाचा स्टिकर दाखवतो : एकशे दहा.
आपल्या भिंतीत दोनशे तीस.
ओंजळभर पाणी मागणाऱ्याच्या तोंडात
आपण बंबाचा पाइप दिला, बाई.

"बरा होईल?"
गुंडाळी काळीठिक्कर, वास ताजा.
तांबं नवं भरीन, पण सोबत हा ठोकळा न्या,
दाब उतरवणारा. विटेपेक्षा जड.
मिक्सर ह्याच्याच आडून लावायचा,
कायम.

ती ठोकळा उचलून बघते, ठेवते.
"आणि इथली वस्तू तिकडे नेली तर?"

जळत नाही, मी म्हणतो.
इथली शेगडी तिथे लावा,
पाणी कोमट होतं, तासभर कोमटच राहतं,
उकळी काही फुटत नाही.
अर्धा दाब, पाव ऊब.

बराच वेळ ती टॉवेलची घडी घालत राहिली,
मोडत राहिली.
मग म्हणाली, "फोनवर देदेई तशीच बोलते."

मला काही सुचलं नाही.
पावती फाडली.
तांब्याचे भाव चढलेत, तेवढं सांगितलं.