पासंग

कूलर बंद केल्याशिवाय दांडी ठरायची नाही,
लांजेवार म्हणाले, आणि स्वतःच उठून बटण दाबलं.
मे महिना. नागपूर. दुपारचे सव्वातीन.
ताट्यांतलं उरलेलं पाणी टाकीत पडत राहिलं,
टप्, मग बऱ्याच वेळानं टप्,
आणि खोलीत आम्ही दोघं, वाळ्याचा वास,
घाम.

एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होते.
इतवारीतले किराणेवाले त्यांची सायकल
घंटीवरून ओळखायचे.
गाण्यातलं त्यांना काही कळत नाही,
डाव्या कानानं ऐकूही येत नाही.
मी जिन्यात सहज बोलून गेलो,
सदरमधून जुना रेकॉर्ड प्लेअर आणलाय,
पण दांडीचा तोल काही जमत नाही,
तर चप्पल न घालताच माझ्यामागे वर आले.

आधी खाली स्पिरिट लेव्हल.
एका पायाखाली बसचं तिकीट, चार घड्या घालून.
मग सुईची टोपी काढली,
लेकराच्या डोळ्यातलं कुसळ काढावं तशी,
श्वास धरून.
मागचं वजन फिरवत बसले,
अर्धा आटा इकडे, पाव आटा तिकडे.
दांडी एकदा मान टाकायची,
एकदा ताठ वर, जकात नाक्याच्या आडव्या बांबूसारखी.
शून्य मैलाचा दगड आपल्याच गावात, मी म्हणालो,
आणि शून्य सापडायला पाऊण तास!
ते हसले नाहीत.
हसलं की दांडी हलते.

मग ती थांबली.
कशालाच न टेकता, आडवी.
माशी बसली असती तरी कळलं असतं.

"या मागच्याले काय म्हणता?"
काउंटरवेट.
"पासंग म्हणा ना सरळ."

आणि दांडीवरची नजर न काढता सांगू लागले:
सत्त्याहत्तर साल, कॉटन मार्केटच्या मागची गल्ली,
रुखमा नेवारे, शिंगाडेवाली.
वजनाच्या पारड्याखाली चिंधीत बांधलेला खडा.
नियमात पासंग म्हणजे गुन्हा,
कोणत्या पारड्याखाली ते नियम विचारत नाही.
तराजू जप्त. पंचनामा.
ती म्हणत होती, साहेब, दांडीच वाकडी हाय,
खडा काढला तं गिऱ्हाईक मरते.
"रात्री ऑफिसात लावून पाहिला.
खड्यासकट बरोब्बर.
खडा काढला तं वीस ग्रॅम तिच्या फायद्याचं."
मग?
"मग काय. केस दाखल होऊन गेली होती."

टप्.

मी कडी शून्यावर आणली,
मग पावणेदोन ग्रॅम.
"पावणेदोन? एवढं तं आम्ही हिशेबातही धरत नव्हतो."
तबकडी फिरली की दांडी आत ओढली जाते,
म्हणून तिला बाहेर खेचून धरणारी एक चकती असते,
तीही तेवढ्यावरच ठेवली.
"आत कोण ओढते?"
कोणी नाही. फिरण्यानंच होतं ते.
ते नुसते हूं म्हणाले.

सुई उतरली. आधी खरखर,
मग खरखरीच्या पलीकडून तंबोरा,
मग कोणा बाईचा खर्जातला सा.
गेल्या उन्हाळ्यानं तबकडी जरा वाकलेली,
म्हणून दर फेरीला दांडी किंचित चढायची, उतरायची,
झोपलेल्याच्या छातीगत.
लांजेवार गाणं ऐकतच नव्हते. तिच्याकडे बघत होते.
मध्येच खुर्ची वळवून उजवा कान पुढे केला.
"दोन्हीकडून सारखं येते?"
डावीकडे थोडं कमी वाटतं.
"कोणाच्या डावीकडे? तुमच्या का माझ्या?"

बाजू संपली.
सुई शेवटच्या रिकाम्या खाचेत
गोल गोल, टिक, टिक,
आणि आमच्यापैकी कोणीच हात लांबवेना.
शर्ट पाठीला चिकटलेले.

तो खडा, मी विचारलं, त्याचं काय झालं?

"मुद्देमाल," ते म्हणाले.
"नग एक. चिंधीसह.
पावती आहे माझ्याजवळ."