सातवा टॅप

बोरगिल काउंटरवर मोबाइल आपटते :
"पाचही दांड्या उभ्या आहेत, बघ.
आणि फेरीचं वेळापत्रक उघडेपर्यंत
फेरी येऊन जाते."

खरं आहे तिचं. स्कोर्व्हिकात सिग्नल कमी नाही,
जास्तच आहे.
टॉवरची लहर थेट येते, आणि तीच लहर
फ्योर्डपल्याडच्या कड्याला धडकून
वीस मायक्रोसेकंद उशिरा पुन्हा येते.
तोवर सहावं अक्षर दारात उभं.
पहिल्याचा उच्चार सहाव्याच्या तोंडात.

माझ्या इक्वलायझरला टॅप पाच.
म्हणजे मागची चार अक्षरं त्याला आठवतात,
त्याआधीचं सगळं त्याच्या लेखी गोंगाट.
ट्रॉनहाइमच्या लॅबमध्ये हे पुरलं होतं.
तिथे डोंगर आम्हीच टाइप करायचो,
आणि बेताचाच करायचो.

टॉर्गाइर व्हॅनच्या टपावर अँटेना बांधतोय.
मार्चचा वारा. दोन नट समुद्रात गेले,
तिसरा त्याने दातांत धरलाय.

प्रत्येक तुकड्याच्या मधोमध सव्वीस अक्षरं असतात
दोन्ही टोकांना आधीच पाठ.
त्यांत बातमी काही नसते.
ती कशी विस्कटली यावरून
वाट कशी होती ते कळावं, एवढंच.
आई फोनवर आधी हवा विचारायची.
मी "बरी आहे" म्हणायचे,
आणि त्या "बरी"च्या काठावरून
तिला बाकीचं समजायचं.

टॅप वाढवावा तर एकामागे आठपट हिशेब,
दोनांमागे चौसष्टपट,
आणि बॅटरी दुपारीच मान टाकणार.

रात्रभर बोरगिलच्या स्वयंपाकघरात,
तळलेल्या माशाच्या वासात, बिलांच्या पाठकोऱ्या कागदांवर.

शेवटी असं केलं :
जवळच्या दोन अक्षरांबद्दल संशय जागा ठेवायचा,
सगळ्या शक्यता हातात धरून.
त्याहून जुन्यांवर विश्वास टाकायचा,
त्यांची सावली वजा करायची आणि पुढे जायचं.
चुकीच्यावर विश्वास बसला
तर चूक पुढच्याला लागते, त्याची त्याच्या पुढच्याला.
तेही पाहिलं, पहाटे तीनला,
ओळच्या ओळ वाहून जाताना.

आणि कडाच जेव्हा टॉवरहून मोठ्याने बोलतो,
तेव्हा तुकडा उलटा वाचायचा,
शेवटाकडून.
हे मला कॉफी गाळताना सुचलं, याचा
अहवालात उल्लेख नाही.

सात टॅप. हिशेब पूर्वीपेक्षा कमीच.

सकाळी वेळापत्रक चार सेकंदांत उघडलं :
वाऱ्यामुळे फेरी रद्द.

"हे मला खिडकीतून दिसत होतं,"
बोरगिल म्हणाली, आणि दोन कॉफींचे पैसे घेतले.
मग मोबाइल पुन्हा बघत, जरा वेळाने :
वर, मेंढ्यांच्या कुरणापाशी, अजून एक कडा आहे.
तो याच्याहून लांब.