सावकाश होऊ द्या

चोवीस खुर्च्या एकीवर एक चढवून
ग्लेनिसबाईंनी हॉलला कुलूप लावलं, तो गुरुवार होता.
म्हणजे कस्टर्डचा दिवस.
बारा वर्षं, हॅलिफॅक्सच्या चढावरल्या या चॅपलात
दर गुरुवारी म्हाताऱ्यांची पंगत बसायची,
आणि दत्ताचा उपास असूनही,
की असल्यामुळेच,
मी वाढपी.

कमिटीची मीटिंग फोनवर झाली.
देवाचं नाव घ्यायचं राहूनच गेलं,
सगळा वेळ गेला डब्यांच्या झाकणांत,
आणि उंबऱ्यावर डबा ठेवून, बेल वाजवून
किती पावलं मागे सरायचं यात.
सहा, ग्लेनिसबाई म्हणाल्या. आणि चेहरा हसरा ठेवा.
मास्कखाली?
कुणी विचारलं नाही.

मंजूरची टॅक्सी स्टेशनवर रिकामीच उभी.
तो म्हणाला, मशिदीचे डबे पोचवतोच आहे,
तुमचेही टाका डिकीत, जिने तेच आहेत.
मग मसूर डाळीला खेटून शेपर्ड्स पाय
टेकडी चढू लागला,
आणि कुणाच्या तरी घरी चुकून डाळ गेली
तर पुढच्या आठवड्यात तिथून निरोप आला:
पुन्हा चुका.

माझ्या वाट्याला यादी. अकरा नावं, अकरा नंबर.
एकासमोर पेन्सिलीनं 'मुलाचा विषय काढू नये',
एकासमोर 'फोनचा उपयोग नाही'.

आयसिल्डा बेनेट आधी प्रार्थना म्हणायच्या,
माझ्यासाठी, माझ्या गुडघ्यासाठी, मंजूरच्या ब्रेकसाठी,
मग मला हवामान सांगायच्या सविस्तर,
जशी मी परदेशात असावी.
मी दोन गल्ल्या पलीकडे होते.
माझ्या खिडकीतही तोच पाऊस. सांगितलं नाही कधी.

'फोनचा उपयोग नाही' म्हणजे क्लिफर्ड ग्रीनवूड.
चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढलेला माणूस,
कान तिथेच ठेवून आलेला,
ओठ वाचतो. गिरणीत सगळेच वाचायचे.
आता रस्त्यावर एकालाही ओठ नव्हते.
त्याच्या धुतलेल्या डब्यात चिठ्ठी आली, एका शब्दाची:
कस्टर्ड?

नियमात कस्टर्ड बसत नव्हतं.
गरम पातळ पदार्थ नेऊ नयेत, कलम चार.
शिवाय वाटेत साय धरते.
मी यांचा थर्मास काढला,
टॉफीच्या कारखान्यातल्या रात्रपाळीचा,
ज्याच्या बुचाला अजून वेलचीचा वास,
आणि कमिटीला न सांगता चढ चढले.

फ्लास्क उंबऱ्यावर. बेल. सहा पावलं मागे.
तो दाराऐवजी खिडकीशी आला.
आमच्या मधे काच होती, तेव्हा मास्क उतरवला,
आणि काय बोलावं ते इंग्रजीत सुचेना.
पंगतीत आग्रह करता येतो, हात धरता येतो,
नको नको म्हणणाऱ्याच्या पानात ओतता येतं.
काचेतून काय वाढणार?
म्हटलं, सावकाश होऊ द्या.
सवयीनं. आमच्याकडे म्हणतात तसं.

त्यानं कपाळाला आठी घालून वाचलं.
पुन्हा, असं बोटानं सुचवलं.
पुन्हा म्हटलं. पुन्हा.
तिसऱ्यांदा त्याचे ओठ माझ्या ओठांमागून हलले,
आवाज न करता,
'ळ' नसल्याचं नशीब.

जानेवारीत यादी दहाची झाली.
मी त्या मंगळवारी सवयीनं अकरावा नंबरही लावला,
बराच वेळ वाजू दिला.
आता बाहेर काय पडतंय ते मलाच उठून बघावं लागतं.

हॉल उघडला तेव्हा जमिनीवर पिवळ्या पट्ट्या,
एका टेबलाला एक माणूस,
परीक्षेला बसवल्यासारखे सगळे.
खिडक्या सताड उघड्या, अंगात कोट.
ग्लेनिसबाईंनी प्रार्थना आटोपती घेतली.
क्लिफर्डनं चमचा उचलला, ठेवला,
आणि हॉलभर नजर फिरवून, निमंत्रण दिल्यासारखं,
प्रत्येकाकडे वळून ओठ हलवले.

काय म्हणतोय तो, नव्या मुलीनं विचारलं.
काही नाही, म्हटलं,
चल, साय धरतेय.