आईने म्हणावे

स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन खोकी आणि एक पुस्तक.
कर्टिस पहाटेच गेलाय
हमरस्त्यावरचं बर्फ सारायची गाडी घेऊन.
बाहेर उणे एकतीस.
उणे म्हणजे काय, हे ओडेटला अजून माहीत नाही.
तिला एवढंच ठाऊक
की अशा दिवशी नाकातले केस कडक होतात.

शाळेची बस सव्वा तास जायला, सव्वा तास यायला.
सहा वर्षांच्या पोरीचे अडीच तास रोज
धुरकट काचेवर बोटाने घोडे काढण्यात गेले असते,
म्हणून ठरवलं, घरीच.
वाचायला मी शिकवीन. पाखरं, ढग,
पाव कशाने फुगतो, तेही.
गणिताचं नाव निघालं की मात्र
मी फ्रीज पुसायला घेते.

पहिल्या खोक्यात रंगीत लाकडी कांड्या,
एकशे चौपन्न,
सोबत त्या कशा वापराव्यात याची तासाभराची फीत,
आणि ती फीत कशी बघावी याची एक पुस्तिका.
दुसऱ्यात पालकांसाठी जाडजूड ग्रंथ.
पहिलाच धडा : 'संख्याजाणिवेची पायाभरणी'.
तीनदा वाचला.
तिन्ही वेळा पाया खचला.

तिसरं ते सिग्नीकडून उसनं आणलेलं.
सिग्नी म्हणजे आमची शेजारीण, नऊ किलोमीटरवरची.
पातळसं पुस्तक, पाठीला चिकटपट्टी.
तिची पाचही मुलं यातूनच पार झाली,
बाविसाव्या पानावर त्यांतल्या कुणाचा तरी जॅम.
यात आईची वाक्यं निळ्या शाईत छापलेली.
आईने म्हणावे : ही बटणं किती?
मुलाने सांगावे.
चुकल्यास आईने थांबावे.
बस्स. रोज वीस मिनिटं.

फोन करून विचारलं, फारच सोपं नाही ना गं हे?
सिग्नी म्हणाली, कुणासाठी?

मी रिसीव्हर कानाला लावून
पाचवीच्या वर्गात उभी.
फळ्यावर लांबलचक भागाकार,
मिस्टर हॅलोरन घड्याळाकडे बघतायत,
पाठीवर सव्वीस जणांचे डोळे,
आणि हातातला खडू घामाने मऊ होत चाललेला.

कांड्या परत पाठवल्या. ग्रंथही.

फेब्रुवारीत एकतिसावा धडा आला.
अंड्यांच्या खोक्याची दोन घरं कापून
आम्ही ते दहाचं केलं.
आठ घरांत आठ बटणं. बाहेर पाच.
आईने म्हणावे : आठांना दहा व्हायला किती हवेत?
'दोन,' ओडेट म्हणाली, आणि पाचांतली दोन
उचलून रिकाम्या घरांत बसवली.
बाहेर उरली तीन.
दहा आणि तीन.

एवढंच होतं?

आठ आणि पाच मी आजवर
टेबलाखाली बोटांवर मोजत आलेय.
दुकानात गल्ल्यावर होते तेव्हा एप्रनच्या खिशात.
चौतीस वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं
की आठ बिचारे दहा व्हायला बघतात,
त्यांना दोन दे.

ओडेट माझ्याकडे बघत होती.
'तुला हे आधीपासून येत होतं?'
मी पान चाळलं. मागचं, पुढचं.
याला निळ्या शाईत काही नव्हतं.

'नाही,' मी म्हणाले.

ती जराशी सरकली,
खुर्चीवर माझ्यासाठी जागा केल्यासारखी,
आणि बटणं पुन्हा खोक्याबाहेर ओतली.
आता तू.

संध्याकाळी कर्टिस आला, दारातच बूट आपटत.
'बाबा, आठ आणि पाच?'
'तेरा.' मानही वर केली नाही त्याने.
'कसे?' तिने विचारलं,
अगदी निळ्या शाईत.
तो एक बूट हातात धरून तसाच उभा,
मोज्याखाली बर्फाचं पाणी पसरत चाललेलं.

आम्ही दोघी थांबलो.