दोन चिठ्ठ्या आणि थर्मास

जिबेई बेटावर माझ्या वाट्याची रात्र
चार तुकड्यांत यायची.
पहिला दोन तासांचा, मग संडास,
मग दीड तास, मग एक,
आणि शेवटचा इतका आखूड
की त्यात कूससुद्धा बदलता येऊ नये.

मागोंगचा डॉक्टर म्हणाला,
आजोबा, प्रोस्टेट फुगलंय, वाट अडवून बसलंय.
मला हसू आलं.
साठ वर्षं मी दुसरं काय केलं?
समुद्रात काळे दगड रचून पाण्याची वाट अडवली.

आमचा बंधारा सुपासारखा.
भरती त्याच्यावरून आत येते, मासे घेऊन.
ओहोटी दगडांच्या फटींतून निघून जाते,
मासे मागे राहतात.
वडील सिमेंटला हात लावू देत नसत.
फट राख, म्हणायचे,
पाण्याला जाऊ दे, माशाला थांबव,
एवढं जमलं की पोट भरतं.

गोळीने माझी फट राखली.
तिसऱ्या आठवड्यात मी सलग पाच तास झोपलो.
सकाळी युए-ओ नाकाशी हात धरून बसलेली,
श्वास आहे का बघत.

वर्ष गेलं.
मग एका पहाटे डाव्या पायाचा अंगठा.
चादर सोसेना. पंख्याचा वारा सोसेना.
मांजर खोलीतून गेलं, तेही सोसेना.
उजाडल्यावर पाहिलं तर
निवडुंगाच्या फळासारखा लालजांभळा झालेला,
फक्त काटे आतल्या बाजूने.

दुसरा डॉक्टर तरुण, तैनानहून आलेला.
गाऊट, म्हणाला. रक्तात युरिक ॲसिड,
त्याचे सुईसारखे खडे सांध्यात जमतात.
बियर? घेतो.
माकूळ, कालवं? डॉक्टर, आमचं बेट आहे हे.
मग युए-ओने पिशवीतून पहिली गोळी काढून
त्याच्या टेबलावर ठेवली.
हिच्यामुळे तर नाही?

तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला.
तसा संशय घेणारे आहेत, म्हणाला,
पण तुमच्या वयात ही दोन दुखणी
बहुतेक एकाच बोटीने येतात.
कोणी कोणाला आणलं, मी शपथेवर सांगणार नाही.
पण मनाने गोळी बंद करू नका, विचारून करा.

हे मला कळलं.
बंधारा फुटला की आम्हीही खाली उतरून बघतो,
आणि कुठला दगड आधी सरकला
यावर दोन पिढ्या भांडतो.
खालच्या आळीतल्या छाओ-छिंगने
मनानेच गोळी सोडली होती.
तुंबला. ईशान्येचा वारा सुटलेला,
नळी घालायला त्याला बोटीने नेलं.
प्रत्येक लाटेला तो
आपल्या मेलेल्या आईला हाक मारत होता.

आता फ्रिजवर दोन चिठ्ठ्या आहेत,
एकाच कोळंबीच्या चुंबकाखाली.
एक म्हणते, संध्याकाळनंतर पाणी कमी प्या.
दुसरी म्हणते, दिवसभर भरपूर पाणी प्या.
दोघांच्या सह्या आहेत.
दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही.

युए-ओने दोन्ही वाचल्या,
ओहोटीचं वेळापत्रक वाचावं तशा,
बोट ओळीवर ठेवून.
मग नातीची नेलपॉलिशची बाटली घेतली
आणि थर्मासवर लाल रेघा ओढल्या:
नाश्त्यापर्यंत इथे, बाराला इथे,
चार वाजता तळ दिसायला हवा.
रेघ चुकली तर ती काही बोलत नाही,
थर्मास उचलून माझ्या कानाशी हलवते.

बियर गेली.
माकूळ नातवाच्या ताटात जाताना मी बघतो,
सभ्यपणे.
अंगठा गप्प आहे. त्याच्या गप्प असण्यावर
माझा अजून विश्वास नाही,
चप्पल घालताना मी आधी त्याला विचारतो.

रात्री एकदा उठतो.
खिडकीतून बंधारा ऐकू येतो,
फटींतून पाणी निघालंय, सावकाश,
कुणी घाई केलेली त्याला चालत नाही.
दारावर टकटक होते.
झालं का?

थांब गं, मी म्हणतो,
अजून ओहोटी चालू आहे.