सामाईक मीटर

सोळा फ्लॅट, एक अगाशी.
पार्किंगात खुर्च्या मांडून मीटिंग भरली
तेव्हा सगळ्यांना एकदम आठवलं
की डोक्यावर ऊन आहे.
त्याआधी वीस वर्षं ते कुणाचंच नव्हतं.

पिनाकिनभाई पाचव्या मजल्याचे.
म्हणाले, पाणी गळतं ते माझ्या छतातून,
तो पछी तडको पण मारो.
(आम्ही ऊन म्हणतो, ते तडको;
कारेलीबागेत मे महिन्यात
दोन्ही सारखंच भाजतं.)
तरुलताबेननी विचारलं, पापड कुठे वाळवू?
आणि घोरपड्यांच्या ऋतुराजनं एवढंच,
उत्तरायणाला काय?

कर्जाला उत्तर होतं, सबसिडीला होतं,
पंचवीस वर्षांच्या हमीलाही होतं.
यावर मात्र सगळे गप्प.

टेप घेऊन एक मुलगा आला.
टाकीची सावली दहापर्यंत,
लिफ्टच्या खोलीची तीननंतर,
शिवाय शेजारच्या प्लॉटवर पाटी लागलेली, बारा मजले.
ती सावली अजून बांधायची आहे.
त्यानं वहीत तिच्यासाठीही
दोन रांगा सोडल्या.

मी तळमजल्यावर.
माझ्या ओट्यावर भर दुपारी ट्यूबलाइट.
लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही,
तरी तिचा सोळावा हिस्सा भरतो.
वीज मंडळात चौतीस वर्षं मीटर वाचले,
जिन्याखाली, कोळिष्टकांत, दातांत टॉर्च धरून.
एकही आकडा कधी कुणाला
दबलेला पाहिला नाही.

शेवटी ठरलं: सांगाडा आठ फूट उंच.
लोखंड वाढलं, वर्गणी वाढली.
खाली पापड, फिरक्या, तरुलताबेनची खुर्ची;
वर काच.
वीज फक्त पंपाला, लिफ्टला, जिन्यातल्या दिव्यांना.
घरोघर वाटायला गेलो असतो
तर भांडणं पुरली असती,
ऊन पुरलं नसतं.

नवा मीटर मागे फिरेल
असं सगळ्यांना वाटलं होतं.
बघायला जिन्याखाली गर्दी झाली.
फिरत नाही तो.
आळीपाळीनं दोन आकडे दाखवतो,
घेतलेलं,
दिलेलं.
लोक हिरमुसले. मी उभाच राहिलो.
इतक्या वर्षांत दुसरा आकडा
मला कुणी दाखवलाच नव्हता.

मग मे महिन्यात, दुपारी एकला, लाइट गेली.
लिफ्ट दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधोमध,
आत पिनाकिनभाई, केसरची पेटी,
आणि बाहेर सूर्य असा
की चप्पल डांबराला चिकटावी.
फटीतून आवाज आला,
पैसे भरले ना आपण याचे!
मग हा कसा बंद?

मी फटीशी तोंड नेऊन सांगितलं,
मेन लाइन गेली की आपलीही थांबते.
मुद्दाम तशी केलीय.
खांबावर कुणी चढलेला असेल,
तार मेलेली समजून हात घालेल,
आणि आपण इकडून वीज ढकलली तर

तिथं माझं वाक्य अडकलं.
छत्रसिंग परमार, ब्याण्णव साल, वाघोडिया रोड.
एका बंगल्यात जनरेटर जोडला होता
मधला खटका न पाडता.
त्याची पक्कड माझ्याकडे आहे,
मूठ वितळलेली.
मी ती कुणाला दाखवत नाही,
तेलही देत नाही.

चाळीस मिनिटांनी दार उघडलं.
पिनाकिनभाई घामानं निथळत बाहेर आले,
काही बोलले नाहीत,
दोन आंबे माझ्या हातात ठेवून
जिन्यानं वर गेले.

आता दर सोमवारी, काच तापायच्या आत,
मी वर जातो. हो, लिफ्टनं.
बांबूला फडकं बांधून कबुतरांची घाण पुसतो,
खाली येऊन दोन आकडे लिहितो.
चौथ्या पॅनेलच्या कोपऱ्यात
यंदाच्या उत्तरायणाचा एक पतंग अडकलाय,
ऋतुराजचा, जांभळा, शेपटी तुटलेला.
काढला तर अर्धं युनिट वाढेल महिन्याला.

राहू दे.