गट नंबर एकशे बारा

माझ्या टेबलावर शेत नाही, टेकडी नाही.
एक ब्राउझर आहे, आणि मेसमधून आणून गार झालेला चहा.
अंबाजोगाईच्या वसतिगृहात रात्री साडेबारानंतर
नेट जरा बरं चालतं.
तेव्हा मी केज तालुक्याची अडतीस वर्षं मागवते
कुठल्याशा थंडगार खोलीतल्या यंत्रांकडून,
जी मी कधी पाहिली नाहीत, पाहणारही नाही.
चौदा ओळींची आज्ञा. एंटर.
गोल फिरत राहतं, फिरत राहतं,
आणि मग तालुका उमटतो
जात्यातून पीठ पडावं तसा, कडेकडेनं.

विषय: गायरानांचा ऱ्हास.
गवताची रेघ मला आता पाठ आहे.
पोळ्यापर्यंत चढते, दिवाळीला पिवळी पडते,
नंतर उन्हाळाभर जमिनीशी बोलत बसते.
पण गट नंबर एकशे बारा, तेवीस चौकोन,
डिसेंबरातही हिरवे.
यादीत ‘गवताळ, सरकारी’. रेघेत मात्र तूर.
कहाळेकर सर चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
“नमुन्यात कचरा आलाय. गाळून टाक, अचूकता वाढेल.”

गाळणं सोपं असतं. एका ओळीचं काम.

जागेवर जाऊन खरं काय ते बघणं,
याला आमच्या शास्त्रात भूसत्य म्हणतात
आणि त्याचं प्रवासभाडं मिळत नाही.
मी काळीपिवळीतून गेले, मांडीवर दुसऱ्याचं पोरगं घेऊन.
मुरमाड उतार. दगडांची ताल, हातानं रचलेली.
गयाबाई वाव्हळ तुरीच्या शेंगा वेचत होत्या.
त्यांनी आधी माझ्या चपला पाहिल्या,
मग विचारलं, “मोजणीवाली हायेस का?”
“नाही, विद्यापीठातून.”
“मंग कागूद कुठंय?”

कागद नव्हता. फोन होता, त्यावर एक कांडी रेंज.
तालीवर चढून हात उंच केला तेव्हा दोन.
गोल फिरलं. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो,
दूध उतू जायची वाट बघावी तसं.
मग रेघ आली.

मी बोटानं दाखवत गेले:
ही सत्त्याऐंशीची पेरणी. ही अठ्ठ्याऐंशीची.
हा बारा सालचा दुष्काळ, इथं रेघ वाकली, तुटली नाही.
त्यांनी माझं बोट धरून मागं नेलं.
“हितं काहून आडवी पडली?”
एक्याण्णव. मी म्हटलं, ढग असतील, किंवा चित्रच खराब.
“ढग न्हाय, माय.
त्या साली मपला माणूस अन् दोन दीर बीडच्या जेलात.
उभ्या पिकात गावानं ढोरं घातली.”

सातशे किलोमीटर वरून कुणीतरी
ते रान पाहिलं होतं, ओळखदेख नसताना,
आणि सांभाळून ठेवलं होतं,
कुणी विचारीपर्यंत.

तक्त्यात माझ्याकडे वर्ष होतं, महिना होता,
हिरवेपणाचा आकडा चार दशांशांपर्यंत.
कारण लिहायला रकाना नव्हता.

“ह्ये साहेबाला दाखिवलं तर चालंल?”
मी म्हटलं, माहीत नाही.
खरंच माहीत नाही. उपग्रहाला साक्षीला बोलावता येतं का,
हे आमच्या अभ्यासक्रमात नाही.
त्या हसल्या, फोनवर वाकल्या.
“बरं, मपली बोर दिसती का यात? ती, कोपऱ्यातली.
लग्नाच्या साली लावल्याली.”
नाही दिसत, मी म्हटलं.
एक चौकोन तीस मीटरचा, त्याहून लहान काही मावत नाही.
“मंग आर्धीच खरी म्हणायची तुझी मशीन,”
आणि ओंजळभर बोरं माझ्या ओढणीत टाकली,
आंबट, बाजूला किडकी.

आज रात्री परत टेबलाशी.
ती गाळायची ओळ मी लिहून ठेवली होती, ती पुसली.
सर चिडतील. अचूकता दोन टक्क्यांनी घसरलीय.
नवा वर्ग केलाय, पण नाव सुचत नाही.
‘अतिक्रमण’ टाइप केलं, खोडलं.
रकाना रिकामा, कर्सर लुकलुकतोय.
चहाच्या कपात बोराच्या बिया.